आयर्लंडच्या सिनेटमधील वीस वर्षे : मेरी रॉबिन्सन यांची संसदीय लढत
(पक्षाच्या मराठीभाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाची सूचना फलकावर लागली तेव्हा एका ज्येष्ठ कॉम्रेडनी मला हसत हसत विचारले, "आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात एका बाईंनी काय भाषणे केली, हे ऐकून आमच्या बिडी कामगारांच्या युनियनला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. त्याचे उत्तर मी डब्लिनपासून न देता बेळगावपासून देते.

बेळगावची सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य पतीसह आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला. मूल वाचणे शक्य नाही, हे डॉक्टरांनाही दिसत होते. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर तसे करता येत नाही, असे उत्तर तिला मिळाले. रक्तात जंतुदोष पसरला आणि २८ ऑक्टोबरला गॉलवे शहरातील रुग्णालयात तिचा अंत झाला. नंतरच्या चौकशीत वैद्यकीय देखरेखीतील गंभीर त्रुटीही उघड झाल्या. तेव्हा सारा दोष एका कायद्याच्या माथी मारणे अचूक होणार नाही. परंतु डॉक्टरांचा हात ज्या भीतीने आखडला, ती भीती आयर्लंडच्या राज्यघटनेतील एका कलमाने निर्माण केली होती, हे त्या देशाने पुढे स्वतःच मान्य केले. ते कलम १९८३ साली घटनेत घातले गेले. आणि ते घातले जात असताना ही शब्दरचना संदिग्ध आहे, ती डॉक्टरांना आणि स्त्रियांना अनिश्चिततेच्या खाईत लोटील, असा इशारा सिनेटच्या सभागृहात देणाऱ्यांत मेरी रॉबिन्सन होत्या.

सविता गेली त्या वर्षी मी पदवीच्या वर्गात होते. वर्तमानपत्रातील तिचे छायाचित्र मला अजून आठवते. पुढे पक्षाच्या अनुवादकार्यात आल्यावर, दुसऱ्याच एका लेखासाठी टिपणे काढत असताना, आयर्लंडच्या संसदेतील चर्चांची छापील इतिवृत्ते माझ्या हाती आली. संसदीय इतिवृत्त वाचणे ही काही रंजक गोष्ट नव्हे. पण १९७१ पासूनची ती पाने मी एकदा वाचायला घेतली आणि बाजूला ठेवू शकले नाही. आजचे विवेचन त्या वाचनातून आले आहे.

प्रथम ते सभागृह कसे आहे, हे थोडक्यात सांगते. कारण ते समजल्याखेरीज या लढतीचे मोल समजणार नाही. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाला आयरिश भाषेत 'शॅनड' म्हणतात. ते डब्लिनच्या लीन्स्टर हाऊसमध्ये, म्हणजे एका सरदाराच्या जुन्या वाड्यात भरते. सभासद साठ. त्यांपैकी अकरा पंतप्रधान नेमतो. सहा जण विद्यापीठांचे पदवीधर निवडतात. उरलेले त्रेचाळीस शेती, कामगार, उद्योग, संस्कृती व प्रशासन अशा पाच नावांच्या व्यवसायगटांतून येतात. कामगारगट हे नाव ऐकून कोणी भुलू नये. त्या गटाचे मतदारही कामगार नसतात. संसद सदस्य आणि नगरसेवकच सगळे ठरवतात. एखादे विधेयक हे सभागृह फार तर नव्वद दिवस अडवून धरू शकते. अर्थविधेयकावर शिफारसी करायला त्याला एकवीस दिवस मिळतात. याच्या आधीचे सिनेट डी व्हॅलेरांनी १९३६ मध्ये बरखास्तच केले होते, आणि १९३७ च्या घटनेने हे दुबळे सभागृह पुन्हा उभे केले.

आपल्याला ही रचना परकी वाटू नये. आपल्या घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस डब्लिनला जाऊन आले होते. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयरिश घटनेवरून आली, आणि राज्यसभेत राष्ट्रपतींनी बारा जणांना नेमण्याची तरतूदही तिथलीच. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत अठ्ठ्याहत्तरपैकी सात जागा पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या आहेत. शिक्षितांना वेगळा मताधिकार देणे हे लोकशाहीच्या दृष्टीने असमर्थनीय आहे, असे आपण म्हणत आलो आहोत आणि ते बरोबरच आहे. इतिहासाची थट्टा अशी की आज मी ज्यांच्याविषयी बोलत आहे, त्या नेमक्या याच मागच्या दाराने आत आल्या.

मेरी बर्क, विवाहानंतर रॉबिन्सन, यांचा जन्म १९४४ चा. गाव पश्चिमेकडील मेयो परगण्यातील बॅलिना. आई आणि वडील दोघेही डॉक्टर. घर सुखवस्तू आणि कर्मठ कॅथॉलिक. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज हे प्रॉटेस्टंटांचे मानले जाई आणि कॅथॉलिकांना तेथे शिकण्यासाठी आर्चबिशपची परवानगी लागे. ही बंदी १९७० पर्यंत चालू होती. मेरी तेथे कायदा शिकल्या, मग अमेरिकेत हार्वर्डला गेल्या, आणि १९६९ मध्ये पंचविसाव्या वर्षी ट्रिनिटीत कायद्याच्या प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी ट्रिनिटीच्या पदवीधर मतदारसंघातून त्या अपक्ष म्हणून सिनेटवर निवडून आल्या. विद्यापीठाच्या जागा वयोवृद्ध प्राध्यापकांसाठीच राखीव का असाव्यात, एवढाच त्यांचा प्रचाराचा मुद्दा होता. वर्गदृष्ट्या त्या आपल्या नव्हत्या, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१९२९ च्या एका कायद्याने आयर्लंडमध्ये संततिनियमनाचा पुरस्कार करणारी पुस्तके आणि मासिके छापणे, विकणे हा गुन्हा ठरला. १९३५ च्या फौजदारी कायद्याच्या सतराव्या कलमाने गर्भनिरोधक साधनांची विक्री आणि आयात यांवर बंदी आली. गंमत अशी की साधन वापरणे हा गुन्हा नव्हता. ते मिळवण्याचा प्रत्येक मार्ग मात्र गुन्हा होता. येथे क्षणभर मुंबई आठवावी. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले ते १९२१ मध्ये, आणि त्यांचे 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ पासून निघू लागले. त्या मासिकाचा अंक १९२९ नंतर कोणी डब्लिनमध्ये विकायला ठेवला असता तर तो तत्काळ जप्त झाला असता. अर्थात मुंबईतही कर्व्यांच्या वाट्याला खटले आलेच. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

या बंदीचा भार कोणावर पडत होता? ज्या स्त्रीला डॉक्टरची फी परवडे, तिला 'पाळीचे चक्र नियमित करण्यासाठी' म्हणून गोळ्या लिहून मिळत. कायद्याच्या दृष्टीने ते औषध होते, आणि सगळे जाणते लोक तिकडे काणाडोळा करीत. ज्यांना लंडनला जाणे शक्य होते त्या तिकडून साधने आणत. राहिल्या त्या डब्लिनच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतील आणि गावाकडच्या शेतमजुरांच्या बायका: दहा-दहा बाळंतपणे, अशक्तपणा, आणि पाप केले की काय या भीतीने पाद्र्याला सांगावे लागणारे मनातले सगळे. श्रीमंतांना सवलत आणि गरिबांना नीती, ही वाटणी आपल्याला अनोळखी नाही. १९६९ मध्ये डब्लिनमध्ये पहिले संततिनियमन केंद्र निघाले तेव्हा विक्री हा गुन्हा असल्याने ते साधने फुकट देई आणि देणगी म्हणून पैसे घेई. कायदा खोटा असला की प्रामाणिक माणसालाही खोटेपणाची युक्ती शोधावी लागते.

या पार्श्वभूमीवर १९७१ मध्ये रॉबिन्सन यांनी १९३५ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक आणले. सोबत दोन अपक्ष सिनेटर होते: ट्रिनिटीचेच ट्रेव्हर वेस्ट हे गणितज्ञ, आणि पत्रकार जॉन हॉर्गन. खासगी विधेयकाला तीन नावे लागतात. ती कशीबशी जमली. हे विधेयक काही क्रांतिकारक नव्हते. बंदी उठवून विक्रीवर वाजवी नियंत्रण ठेवावे, इतकेच त्यात होते.

पण पुढे काय झाले ते पाहा. विधेयक महिनोन् महिने कार्यक्रमपत्रिकेवर राहिले आणि चर्चेला घेतले गेले नाही. आयर्लंडच्या संसदेची पद्धत अशी की विधेयकाचे प्रथम वाचन मंजूर झाल्यावरच ते छापले जाते आणि सभासदांच्या हाती पडते. प्रथम वाचन म्हणजे केवळ औपचारिकता. विरोधकही ते सहसा अडवीत नाहीत. या विधेयकाला तेही मिळाले नाही. जुलै १९७१ मध्ये सिनेटने ते मांडण्याची परवानगीच नाकारली. म्हणजे विधेयकावर चर्चा होऊन ते पडले असे नव्हे. चर्चा होऊ नये म्हणून ते छापण्यास नकार दिला गेला. मी इतिवृत्ताची ही पाने वाचत होते तेव्हा सर्वांत बोलके वाटले ते त्यांतले मौन. साठ सभासदांच्या त्या सभागृहात विधेयक मांडू द्यावे म्हणून एक तरुण बाई पुन्हा पुन्हा उभी राहते, आणि सभागृहाचा नेता पुन्हा पुन्हा पुढच्या आठवड्याकडे बोट दाखवतो. विरोधी युक्तिवादाला उत्तर देता येते. या टोलवाटोलवीला काय उत्तर देणार?

सभागृह गप्प होते तेव्हा बाहेर मात्र गदारोळ चालला होता. मार्च १९७१ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप मॅकक्वेड यांचे धर्मपत्र शहरातील चर्चमधून वाचून दाखवण्यात आले. असा कायदा झाला तर तो देशावर शाप ठरेल, असा त्याचा आशय होता. रॉबिन्सन यांच्या नावे शिव्याशापांची पत्रे येऊ लागली. ती त्यांनी जाळून टाकली आणि पुढे, जपून ठेवायला हवी होती म्हणून, हळहळल्या. मला त्यांची हळहळ पटते. प्रतिगामित्वाचा इतिहास लिहायचा तर अशी पत्रे हा अव्वल दर्जाचा पुरावा असतो.

आणि रस्त्यावर काय चालले होते? २२ मे १९७१ रोजी आयरिश स्त्रीमुक्ती चळवळीतील काही स्त्रिया आगगाडीने उत्तरेकडे बेलफास्टला गेल्या. तेथे ब्रिटिश कायदा असल्याने साधनांची विक्री खुली होती. त्यांनी ती विकत घेतली आणि संध्याकाळी परत येऊन डब्लिनच्या स्थानकावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ती उघड उघड नाचवली. अधिकाऱ्यांना अटक करण्याचा धीर झाला नाही. कॉम्रेड्स, त्या स्थानकाचे नाव कॉनली स्थानक. ज्यांना १२ मे १९१६ रोजी ब्रिटिशांनी खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या, त्या समाजवादी जेम्स कॉनली यांचे नाव १९६६ मध्ये त्याला दिले गेले होते. ज्या राज्याने त्यांचे नाव स्थानकाला दिले, त्याच राज्याच्या कायद्याने कामगार स्त्रियांचे हात बांधले होते; आणि तो कायदा मोडणाऱ्या स्त्रिया त्याच फलाटावर उतरल्या. योगायोगच, पण लक्षात ठेवावा असा.

सभागृहातील विधेयक आणि फलाटावरील कायदेभंग या दोन गोष्टी एकमेकींच्या आज्ञेने घडल्या नव्हत्या. मात्र त्यांनी एकमेकींना बळ दिले, हे निर्विवाद. तिसरी शक्ती आली ती न्यायालयातून. मॅगी नावाची चार मुलांची आई. पाचवे बाळंतपण जिवावर बेतेल असे डॉक्टरांनी सांगितलेले. पती मासेमारी करणारा. तिने टपालाने मागवलेले साधन सीमाशुल्क खात्याने जप्त केले. तिने सरकारवर दावा लावला, आणि डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की विवाहित दांपत्याच्या खासगी जीवनात राज्याने असा हस्तक्षेप करणे घटनाबाह्य आहे. आयातीची बंदी कोलमडली. विक्रीची बंदी मात्र तशीच राहिली. म्हणजे विवाहित स्त्रीने परदेशाहून मागवले तर तो तिचा हक्क, आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून घेतले तर दुकानदाराचा गुन्हा!

रॉबिन्सन यांनी दुसरे विधेयकही आणले. १९७४ मध्ये त्यावर सिनेटमध्ये खरीखुरी चर्चा झाली. तीन वर्षांपूर्वी जे छापायलाही सभागृह तयार नव्हते, त्यावर आता सभासदांना उभे राहून आपापली बाजू मांडावी लागली. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता : एखाद्या धर्माची नीतिशिकवण त्या धर्माच्या अनुयायांनी खुशाल पाळावी, परंतु फौजदारी कायद्याच्या काठीने ती इतरांवर लादणे हे राज्याचे काम नव्हे. डिसेंबर १९७२ च्या सार्वमताने घटनेतून कॅथॉलिक चर्चचे 'विशेष स्थान' काढून टाकले होते, त्यामुळे या युक्तिवादाला नवे बळ आले होते. विधेयक पडले. सरकारने मग स्वतःचे विधेयक आणले, आणि जुलै १९७४ मध्ये पंतप्रधान कॉसग्रेव यांनी स्वतःच्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत देऊन ते कनिष्ठ सभागृहात पाडले. संसदीय इतिहासात असे दृश्य विरळा. १९७९ मध्ये अखेर कायदा झाला, तोही असा की निरोधसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळावा. १९८५ मध्ये ती अट सुटली. पहिल्या विधेयकापासून मोजली तर चौदा वर्षे.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक जुनी शंका येईल, आणि तिचा सामना केला पाहिजे. संततिनियमन म्हणजे माल्थसचा वारसा. गरिबीचे मूळ शोषणात नसून गरिबांच्या मुलांच्या संख्येत आहे, असे सांगणारी भांडवलदारी लबाडी, ही टीका आपल्या चळवळीत जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. लेनिन यांनी १९१३ मध्ये नव-माल्थसवादावर लिहिलेल्या छोट्या लेखात ही लबाडी झोडपलीच. पण त्याच लेखात त्यांनी गर्भपाताविरुद्धचे आणि गर्भनिरोधनासंबंधीच्या वैद्यकीय साहित्यावर बंदी घालणारे कायदे बिनशर्त रद्द करण्याची मागणी केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या, आणि त्यांच्यात विसंगती नाही. नागरिकाचा लोकशाही हक्क ही एक गोष्ट. त्या हक्काच्या नावावर गरिबांना दोष देणारे तत्त्वज्ञान ही दुसरी. अनेकदा आपण लेनिन यांचा पहिला अर्धा भाग तोंडपाठ करतो आणि दुसरा विसरतो. समाजवादी देशांतही हा विसर पडला होता. सोव्हिएत संघाने १९२० मध्ये गर्भपात वैध केला, १९३६ मध्ये त्यावर पुन्हा बंदी घातली, आणि ती १९५५ मध्ये उठवली.

आपल्या भूमीवरही या प्रश्नाचा संसदीय इतिहास आहे, आणि तो आयर्लंडच्या आधीचा आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाबासाहेबांनी तयार केलेली मांडणी त्यांनी सभागृहापुढे ठेवली. ठराव फेटाळला गेला. निदान तो मांडू तरी दिला गेला, एवढे मुंबईच्या बाजूने म्हणता येईल. आणि आपल्याच देशात पुढे आणीबाणीच्या काळात नेमके उलटे घडले : सक्तीची नसबंदी. आयर्लंडमध्ये राज्य म्हणत होते, मूल होऊ न देण्याचा अधिकार तुला नाही. इथे राज्य म्हणाले, मूल होऊ देण्याचा अधिकार तुला नाही. दोन्ही ठिकाणी हात पडला तो गरिबांवर. त्या काळात आपल्या डाव्या वर्तुळातील सगळ्यांनी वेळेवर तोंड उघडले असे नाही, हेही येथे नमूद करते. ज्येष्ठ कॉम्रेडना हे कडू वाटेल, पण इतिवृत्त वाचण्याची सवय लागली की स्वतःची पानेही वाचावी लागतात.

आता १९८३ कडे वळते, कारण बेळगावशी नाते तिथून आहे. १९७६ मध्ये रॉबिन्सन मजूर पक्षात गेल्या होत्या. कनिष्ठ सभागृहाच्या दोन निवडणुका, १९७७ आणि १९८१ च्या, त्या हरल्या. सिनेटची जागा मात्र टिकली. गर्भनिरोधनाच्या लढाईत मागे रेटल्या गेलेल्या कर्मठ शक्तींनी या सुमारास नवी आघाडी उघडली. गर्भपात आयर्लंडमध्ये १८६१ च्या ब्रिटिश कायद्यानेच गुन्हा होता. तो वैध करा असे संसदेत कोणी म्हणतही नव्हते. तरीही उद्या एखादे न्यायालय मॅगी खटल्याच्या धर्तीवर निकाल देईल, या भयाने त्यांनी ती बंदी थेट घटनेतच कोरण्याची मागणी केली. दोन्ही मोठ्या पक्षांनी निवडणुकीच्या धामधुमीत होकार दिला. आठव्या दुरुस्तीचा मसुदा असा होता की अजात जीवाचा जगण्याचा हक्क राज्य मान्य करील आणि त्याच वेळी मातेच्या जगण्याच्या समान हक्काची योग्य ती दखल घेईल.

अनुवादक म्हणून या वाक्यापाशी मी दोन दिवस अडले. 'अजात' म्हणजे कोण, आणि केव्हापासून? आयरिश पाठात जे शब्द आहेत त्यांचा अर्थ साधारण 'जन्माविना जिवंत असलेले' असा होतो, आणि दोन पाठांत विरोध आला तर आयरिश पाठ प्रमाण मानावा असे तिथली घटना सांगते. पण त्यानेही प्रश्न सुटत नाही. आणि 'समान हक्क' म्हणजे काय? दोन हक्क समान असतील आणि दोहोंपैकी एकच जीव वाचणार असेल, तर डॉक्टरने काय करायचे? मराठीत आणताना वाक्य ढिले पडते आहे, दोष माझाच असावा, असे मला प्रथम वाटले. मग लक्षात आले की ढिलेपणा मुळातच आहे. सरकारच्या महाधिवक्त्यांनीही ही शब्दरचना संदिग्ध असल्याचा सल्ला दिला होता. सिनेटमध्ये मे १९८३ मध्ये दुरुस्ती चर्चेला आली तेव्हा रॉबिन्सन यांनी दीर्घ भाषण करून तिला विरोध केला. त्यांनी भावनेला हात घातला नाही. वकील दस्तऐवज तपासतो तसा त्यांनी एकेक शब्द तपासला, आणि हा शब्द उद्या न्यायालयात, रुग्णालयात, स्त्रीच्या खाटेशी कसा वागेल ते दाखवले. त्यांचा स्वतःचा पक्ष तेव्हा सत्तेतील आघाडीत होता.

दुरुस्ती संमत झाली. ७ सप्टेंबर १९८३ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मते तिच्या बाजूने पडली. पुढची पस्तीस वर्षे हजारो आयरिश स्त्रिया दरवर्षी इंग्लंडची बोट किंवा विमान पकडत राहिल्या. ज्यांच्याजवळ तिकिटाचे पैसे नव्हते, किंवा ज्यांना, सवितासारखे, रुग्णालयातून हलताच येत नव्हते, त्यांचे काय, याचे उत्तर त्या कलमात नव्हते. सविताच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले, २०१३ मध्ये एक अपुरा कायदा झाला, आणि २५ मे २०१८ रोजी दुसऱ्या सार्वमताने ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी आठवी दुरुस्ती घटनेतून काढून टाकली. त्या दिवसांत डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचे मोठे चित्र होते आणि लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवून जात होते.

रॉबिन्सन यांच्या बाकीच्या कार्याचा केवळ उल्लेख करते. ज्यूरीत बसण्याचा हक्क व्यवहारात स्त्रियांना आणि मालमत्ताहीनांना नाकारणारा कायदा १९७५ च्या द बुर्का खटल्यात मोडला, त्यात त्या वकील होत्या. नवऱ्यापासून कायदेशीर फारकत मागणाऱ्या एका गरीब स्त्रीला वकील परवडत नव्हता. तिचा एअरी खटला त्यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात चालवला, आणि १९७९ च्या त्या निकालामुळे आयर्लंड सरकारला मुलकी दाव्यांसाठी विधिसाहाय्य योजना आणावी लागली. विनाज्यूरी विशेष फौजदारी न्यायालयावर त्यांनी टीका केली. अनौरस ठरवलेल्या मुलांच्या हक्कांसाठी त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९८७ च्या कायद्याने तो शिक्का पुसला. १९८५ मध्ये अँग्लो-आयरिश कराराच्या प्रश्नावर त्यांनी मजूर पक्ष सोडला; करार करताना उत्तरेतील युनियनवाद्यांना विश्वासात घेतले नाही, ही त्यांची तक्रार होती. १९८९ मध्ये त्यांनी सिनेट सोडले, आणि १९९० मध्ये डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर त्या आयर्लंडच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. ती कहाणी सर्वज्ञात आहे आणि, माझ्या मते, सिनेटमधील वीस वर्षांहून कमी महत्त्वाची आहे.

त्यांच्या मर्यादाही बोलून दाखवल्या पाहिजेत. त्यांची सारी भिस्त व्यक्तीच्या हक्कावर आणि न्यायालयावर. कारखान्यातील स्त्रीचे वेतन, तिची पाळी, तिच्या मुलाला सांभाळणारे कोणी आहे की नाही, हे प्रश्न त्यांच्या भाषणांत येतात ते कडेने. हक्क मिळाला तरी तो वापरण्याची ऐपत कुठून यायची, हा प्रश्न एअरी खटल्यात त्यांना भेटला आणि त्यांनी तो ओळखलाही. परंतु त्याचे उत्तर त्या विधिसाहाय्यात शोधतात, आपण ते अन्यत्र शोधतो. लेनिन यांनी १९२० मध्ये डाव्या कम्युनिस्टांना बजावले होते की प्रतिगामी संसदेतही जाऊन काम केले पाहिजे, कारण मागासलेले जनसमूह अजून तिच्याकडे पाहत असतात. रॉबिन्सन कम्युनिस्ट नव्हत्या. पण जनतेचा मताधिकारच नसलेल्या, नव्वद दिवसांपलीकडे काही अडवू न शकणाऱ्या एका सभागृहाचा उपयोग कसा करता येतो, हे पाहायचे तर १९७१ ते १९७४ ची त्यांची पाने आपल्या विधिमंडळातील कॉम्रेडनी जरूर वाचावीत. विधेयक मांडायचे, ते पडू द्यायचे, पुन्हा मांडायचे, आणि प्रत्येक वेळी विरोधकाला आधीपेक्षा थोडे अधिक बोलायला भाग पाडायचे.

शेवटी त्या सभागृहाविषयी. ४ ऑक्टोबर २०१३ रोजी सिनेट बरखास्त करावे का, या प्रश्नावर आयर्लंडमध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ५२ टक्के लोकांनी नाही म्हटले, सभागृह बचावले. पदवीधरांच्या मताधिकाराचा प्रश्न त्याहून जुना. विद्यापीठांच्या सहा जागांचे मतदान इतर उच्चशिक्षण संस्थांच्या पदवीधरांनाही खुले करता यावे, अशी घटनादुरुस्ती लोकांनी १९७९ मध्येच मंजूर केली होती. सरकारांनी ती त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ तशीच पडू दिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर २०२४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. पदवी नसलेल्यांना या जागांसाठी अजूनही मत नाही.

बिडी कामगारांच्या युनियनच्या वतीने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडून एवढे उत्तर. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवायचे ठरले आहे, तेव्हा येथे थांबते.